आगमनकाळ : उपवासापासून मेणबत्तीपर्यंत

नोव्हेंबर संपत आला की आमच्याकडे घरोघरी चांदण्या आणि कंदील बाहेर निघतात, करंज्यांच्या पिठाचा हिशेब सुरू होतो. त्याच आठवड्याच्या रविवारी चर्चमध्ये जावं, तर वेदीवर जांभळं कापड आणि शुभवर्तमानात बाळ येशूचं नावसुद्धा नाही. आहे ते जगाच्या शेवटाबद्दल: जागे राहा, धनी कोणत्या घटकेला येईल ते तुम्हाला ठाऊक नाही. कॅथलिक चर्चच्या वाचनांचा क्रम तीन वर्षांचा आहे. या तिन्ही वर्षी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी मत्तय, मार्क किंवा लूक यांच्याकडून आपण हाच इशारा ऐकतो. लहानपणी मला हे कोडंच वाटायचं. नाताळ तोंडावर आलेला असताना असं घाबरवणारं वाचन कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर आगमनकाळाच्या इतिहासात आहे.

सर्वांत जुना धागा स्पेनमध्ये सापडतो. इ. स. ३८० मध्ये सारागोसा इथे बिशपांची परिषद भरली. तिने ठरवलं, की १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या (एपिफनीच्या) सणापर्यंत, म्हणजे सलग एकवीस दिवस, कोणीही चर्चला चुकवू नये. घरात दडून बसू नये, शेतवाडीवर किंवा डोंगरात निघून जाऊ नये, अनवाणी फिरू नये. अनवाणी चालण्याला बंदी का, असं वाटेल. त्या काळी प्रिसिलियन नावाच्या माणसाच्या प्रभावाखाली काही लोक मंडळीपासून फुटून आपापली कठोर व्रतं करत होते, त्यांना हा अटकाव होता. या नियमात नाताळचा उल्लेख नाही, ‘आगमन’ हा शब्दही नाही. मला मात्र त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. तयारी एकट्याने डोंगरावर जाऊन नव्हे, तर सगळ्यांच्या सोबतीने करायची, हे तिथे पहिल्यांदा लिहून ठेवलं गेलं.

शंभरेक वर्षांनी गॉल प्रांतात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, या काळाला उपवासाचं वळण लागलं. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात टूर्सचे बिशप पर्पेट्युअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिन यांच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन उपवास ठरवून दिले. पुढच्या शतकात माकाँ इथल्या परिषदेने सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे वारही पक्के केले. लोक याला ‘संत मार्टिनचा चाळीस दिवसांचा उपवास’ म्हणू लागले. ईस्टरआधीचा मोठा उपवासकाळ आपल्याला ठाऊक असतो. हिवाळ्याच्या तोंडाशी त्याचं धाकटं भावंड होतं, हे आता फारसं कोणाला आठवत नाही.

रोममधली हवा वेगळी होती. तिथे भर उपवासावर नव्हता, वाट पाहण्यावर होता. लॅटिनमधला ‘आद्वेंतुस’ हा शब्दच मुळी राजेशाही. सम्राट एखाद्या नगरात थाटाने प्रवेश करी, त्या आगमनाला हे नाव होतं. ख्रिस्ती लोकांनी तो शब्द उचलला आणि गोठ्यात जन्मलेल्या बाळाला लावला. त्याच शब्दात त्यांनी प्रभूचं दुसरं, वैभवाने होणारं येणंही बसवलं. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोपपदावर असलेल्या थोर ग्रेगरी यांची शुभवर्तमानांवरची प्रवचनं आजही वाचायला मिळतात. त्यांतलं पहिलंच लूकच्या एकविसाव्या अध्यायावर आहे: सूर्य, चंद्र आणि तारे यांत चिन्हं दिसतील. रोमने पुढे हा काळ चार रविवारांचा केला. मिलान शहरातल्या, तिथले जुने बिशप संत अँब्रोज यांच्या नावाने चालणाऱ्या परंपरेने मात्र सहा रविवार सोडले नाहीत, ते आजतागायत चालू आहेत.

मग गॉलचा पश्चात्ताप आणि रोमचा आनंद हे दोन्ही प्रवाह एकत्र वाहू लागले. त्याची खूण उपासनेत अजून दिसते. आगमनकाळात जांभळा रंग असतो, ‘स्वर्गी देवाला गौरव’ हे स्तुतिगीत बंद असतं. पण ‘आलेलूया’ चालूच राहतो. मोठ्या उपवासकाळात तोही थांबतो. बाराव्या शतकात क्लेअरव्होचे मठाधिपती बर्नार्ड यांनी या दोन येण्यांच्या मधोमध तिसरं येणं पाहिलं. पहिल्यांदा प्रभू दुबळ्या देहात आला, शेवटी तो गौरवाने येईल आणि या दोहोंच्या मध्ये तो रोज, गुपचूप, माणसाच्या अंतःकरणात येतो. माझ्या मते आगमनकाळावर याहून नेमकं कोणी बोललेलं नाही.

मठांनी या प्रतीक्षेला सूर दिला. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी मरियेच्या स्तोत्राआधी आणि नंतर एकेक जुनं पालुपद म्हणतात. प्रत्येकाची सुरुवात ‘हे’ अशा हाकेने होते: हे ज्ञाना, हे प्रभो, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या प्रभे, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. प्रत्येक हाकेच्या शेवटी एकच विनवणी असते, ‘ये’. लॅटिनमधल्या या सात नावांची आद्याक्षरं शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली की ‘एरो क्रास’ असे दोन शब्द तयार होतात. अर्थ असा, ‘उद्या मी असेन’. सात दिवस माणसं हाक मारतात आणि त्या हाकांतच उत्तर लपलेलं असतं. रचणाऱ्याने ते मुद्दाम केलं की आपोआप झालं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण सातवी हाक म्हणून झाल्यावर ही अक्षरं उलटी वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आज आगमनकाळ म्हटलं की डोळ्यांपुढे मेणबत्त्यांचं चक्र येतं. ते फार जुनं नाही आणि त्याचा जन्म चर्चमध्येही झाला नाही. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न हे लुथरन पाळक गरीब मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ नावाचा आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची. १८३९ मध्ये विखर्न यांनी गाडीचं जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर चार मोठ्या पांढऱ्या व वीस लहान लाल मेणबत्त्या बसवल्या. त्या वर्षी पहिला रविवार १ डिसेंबरला होता. रविवारी मोठी आणि इतर दिवशी लहान, अशी रोज एक मेणबत्ती पेटत गेली आणि २४ तारखेला चोवीसच्या चोवीस उजळल्या. मोजायला न येणारं पोरही त्या चाकाकडे बघून किती अंधार उरला ते सांगू शकत होतं. पुढे लहान मेणबत्त्या गळाल्या, सुचिपर्णाच्या हिरव्या फांद्या आल्या आणि विसाव्या शतकात कॅथलिकांनीही ही प्रथा आपली मानली.

पूर्वेकडच्या मंडळ्यांनी उपवास कधी सोडलाच नाही. केरळचे सिरियन ख्रिस्ती डिसेंबरचे पंचवीस दिवस मांस-मासे वर्ज्य करतात. कॅथलिक चर्चने १९६९ च्या नव्या उपासना-दिनदर्शिकेत या काळाला भक्तिपूर्ण आणि आनंदी प्रतीक्षेचा काळ म्हटलं. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी तो सुरू होतो, म्हणून तो कधी बावीस दिवसांचा असतो, तर कधी अठ्ठावीस. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर लॅटिन मागे पडली आणि वसईतल्या वेदीवर यशयाची वचनं मराठीत ऐकू येऊ लागली.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सरसकट एकच रीत नव्हती. अँग्लिकनांच्या प्रार्थनापुस्तकात आगमनाचे चार रविवार होतेच. प्युरिटन वळणाच्या मिशनांना मात्र असे सणवार मान्य नव्हते. त्यामुळे मला एक तारीख विशेष वाटते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. त्या सहांत हा काळ पिढ्यान्‌पिढ्या पाळणारे होते आणि ज्यांच्या पूर्वजांनी तो नाकारला होता तेही होते.

घरी आम्ही गोठा डिसेंबरच्या मध्यालाच मांडतो. मेंढपाळ असतात, गाय असते, मरिया आणि योसेफ असतात. मधली गव्हाण मात्र रिकामी ठेवतो. घरातलं धाकटं पोर रोज येऊन तिच्यात एक काडी पेंढा ठेवतं, आणि बाळाची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत आईच्या कपाटात असते.