पेशीवरची साखर: कोंबडीच्या अंड्यापासून टॅमीफ्लूपर्यंत

2009 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला. बेळगावातली कितीतरी पोरं शिकायला-नोकरीला पुण्यातच, त्यामुळं इकडं पण घरोघरी काळजी, आणि टॅमीफ्लू हे नाव तेव्हाच आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या कानावर पहिल्यांदा पडलं. ते औषध आलं कुठनं हे बघत मागं गेलं की गोष्ट साखरेवर येते. संकेश्वरच्या कारखान्यातली पोत्यातली साखर नव्हे हां, आपल्या प्रत्येक पेशीवर वेगवेगळ्या साखरांच्या साखळ्यांची दाट लव असते, आणि बऱ्याच व्हायरसची पहिली गाठ तिच्याशीच पडते.

1941 साली न्यूयॉर्कात जॉर्ज हर्स्ट नावाचे संशोधक कोंबडीच्या अंड्यात फ्लूचा व्हायरस वाढवत होते. अंड्यातलं पाणी काढताना गर्भाची रक्तवाहिनी फाटली, रक्त त्या पाण्यात मिसळलं आणि लाल पेशींच्या गुठळ्या झाल्या. दुसरा कोणी असता तर सॅम्पल बिघडलं म्हणून ओतून दिलं असतं, पण हे थांबले, आणि व्हायरसच पेशींना एकमेकींना चिकटवतोय हे त्यांच्या लक्षात आलं. पुढचं तर मला अजून भारी वाटतं. थोडा वेळ उबेला ठेवलं की व्हायरस आपोआप सुटायचा, आणि सुटलेला व्हायरस नव्या पेशींना परत चिकटायचा, पण त्या जुन्या पेशींना मात्र आता काही केल्या चिकटत नव्हता, म्हणजे जाताना तो त्यांच्यावरचं काहीतरी कापून गेला होता.

काय कापलं हे कळायला पंधराएक वर्षं गेली. मेलबर्नमध्ये बर्नेट या शास्त्रज्ञांना दिसलं की कॉलऱ्याच्या जंतूंपासून मिळणारा रस पण लाल पेशींचं तेच करतो, आणि तिथंच गॉटशाल्क यांनी दाखवलं की कापला जातो तो सायलिक ॲसिड नावाचा साखरेचा तुकडा. स्वीडनच्या ब्लिक्स यांनी तो 1936 लाच गुरांच्या लाळग्रंथीतनं वेगळा काढलेला, पण फ्लूशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. स्वाइन फ्लूच्या व्हायरसचं नाव एच वन एन वन, त्यातला एच म्हणजे ही साखर पकडणारा हात आणि एन म्हणजे कापणारी कात्री. कात्री लागते कारण पेशीत तयार झालेले नवे व्हायरस बाहेर पडताना त्याच साखरेत अडकून बसतात.

1983 ला ऑस्ट्रेलियात या कात्रीची नेमकी रचना समजली, मग तिच्या खाचेत बसून तिला बंद पाडेल असं औषध बनवायचं ठरलं. 1993 ला झानामिविर जाहीर झालं, ते श्वासावाटे ओढून घ्यायचं, आणि मग पोटात घ्यायचं टॅमीफ्लू, दोन्हींना अमेरिकेत 1999 ला मंजुरी मिळाली. टॅमीफ्लूचा कच्चा माल सुरुवातीला चक्रीफुलातनं काढायचे, म्हणजे बेळगावच्या रविवार पेठेत मटणाच्या मसाल्यासाठी आपण घेतो तेच. नुसतं चक्रीफूल उकळून प्यायलं तर फ्लूवर काही होत नाही, औषध होईपर्यंत त्यावर बऱ्याच रासायनिक पायऱ्या होतात.

बाकीच्या व्हायरसची साखर वेगळी. टिळकवाडीत आपण फिरायला जातो त्या व्हॅक्सीन डेपोत एकेकाळी देवीची लस तयार व्हायची, त्या लशीतला व्हायरस पेशीवरच्या हेपॅरान सल्फेट नावाच्या साखळीला धरतो हे 1998 च्या सुमारास कळलं, म्हणजे देवी जगातनं गेल्यावर जवळपास वीस वर्षांनी. हर्पिस, डेंग्यू आणि 2020 मध्ये कोरोना, यांचं पण याच साखळीशी नातं निघालं.

म्हणून आता आमिषाचा विचार चाललाय, तीच साखळी बाहेरनं द्यायची म्हणजे व्हायरस पेशीऐवजी तिलाच चिकटेल. आयसीयूत रक्त पातळ ठेवायला देतात ते हेपॅरिन याच जातीचं, आणि लॅबमध्ये ते व्हायरसला अडवतं पण. अडचण एवढीच की त्याच्यानं रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रक्त पातळ करणारा गुण काढून टाकलेल्या साखळ्या बनवून बघतायत.