मॅगव्हील : माप आणि जुळणी

गाडीबरोबर आलेली लोखंडी डिस्क किंवा अलॉय काढून त्याजागी बसवलेल्या शोभिवंत चाकाला ठाणे-नवी मुंबईत सरसकट ‘मॅगव्हील’ म्हणतात. नाव मॅग्नेशियमचे असले, तरी बाजारातली जवळजवळ सगळी चाके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात.

गिऱ्हाईक बहुधा आधी इंच, म्हणजे रिमचा व्यास, विचारते. चाक बसणार की नाही, हे मात्र पीसीडीवर ठरते. पीसीडी म्हणजे नटांची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. स्विफ्ट, आय२० आणि सिटीला ४×१०० (चार भोके, १०० मिमी व्यास), पोलोला ५×१००, क्रेटाला ५×११४.३. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या भोकांचे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजले की काम झाले. पाच भोकांत समोर भोकच नसते, म्हणून शेजारच्या दोन भोकांमधले अंतर मोजून १.७०१ने गुणावे, ६७.२ मिमी भरले तर पीसीडी ११४.३. ४×९८चे चाक ४×१००च्या हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्यावर) दामटून चढवता येते, पण नट तिरके बसतात आणि पुढे सैल पडतात.

बाहेरच्या चाकांचे मधले भोक, म्हणजे बोअर, अनेक गाड्यांना चालावे म्हणून बऱ्याचदा ७३.१ मिमी ठेवलेले असते. स्विफ्टच्या हबला ५४.१ लागते. मधली पोकळी भरणारी रिंग घातली नाही, तर चाक किंचित मध्य सोडून बसते आणि पूर्व द्रुतगती मार्गावर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरते. मग लोक पुन्हापुन्हा बॅलन्सिंग करून घेतात. दोष वजनाचा नसल्याने त्याचा उपयोग होत नाही.

सर्वाधिक चुका ऑफसेटमध्ये होतात. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांमधले मिलिमीटर चाकामागे ‘ईटी’ म्हणून कोरलेले असतात. समजा, मूळ चाक ५.५जे (म्हणजे ५.५ इंच रुंद), ईटी ४५ आहे आणि नवे ६.५जे, ईटी ३८. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिमी, शिवाय ईटी घटल्याने अख्खे चाक ७ मिमी बाहेर सरकले. बाहेरची कड १९.७ मिमी बाहेर येते, आतली ५.७ मिमी आत जाते. बाहेर फेंडरला घासले तर आवाज तरी येतो. आत स्ट्रटला (सस्पेन्शनच्या खांबाला) घासणारा टायर गुपचूप कापला जातो. त्यामुळे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि पाच माणसे बसवून स्पीडब्रेकरवर तपासल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.

रिम वाढली की टायरची भिंत कमी करून एकूण व्यास राखावा लागतो. १८५/६५ आर१५चा (रुंदी १८५ मिमी, भिंत रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंच) व्यास सुमारे ६२१ मिमी, १९५/५५ आर१६चाही तेवढाच, २०५/४५ आर१७चा ६१६. याउलट २०५/६० आर१६ घातला तर व्यास ५ टक्क्यांनी वाढतो. काटा ८० दाखवताना गाडी ८४ने पळत असते. टायरचा भार निर्देशांकही (तो किती वजन पेलतो याचा आकडा) मूळपेक्षा कमी नसावा.

हिशेबात १७ इंच बसते, पण भिंत १२० मिमीवरून ९२वर येते. पावसाळ्यात घोडबंदर रोडवर पाण्याने भरलेल्या खड्ड्याची कड लागली की टायरला फुगा, रिमला बेंड. या भागात रोजच्या गाडीला एक इंचाची वाढ पुरे. त्यापुढचा हट्ट हौसेचा. कडेचा हलका बेंड सरळ करता येतो. चीर गेलेली रिम वेल्डिंग करून वापरू नये.

नटाची बैठकही जुळली पाहिजे. टोयोटाच्या अनेक मूळ अलॉयना सपाट वॉशरचे नट असतात, तर बाहेरच्या चाकांना सहसा शंकूच्या तोंडाचे लागतात. नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कनेच आवळावेत आणि ५० ते १०० किमी चालल्यावर पुन्हा तपासावेत. केवळ एअर गनवर भरवसा ठेवला की स्टड (ज्यावर नट फिरतो तो आटा) ताणला जातो. स्टेपनी मूळ डिस्कचीच राहणार असेल, तर तिला चालणारे जुने नट डिकीत ठेवावेत.