शोषितांचे मानसिक समुपदेशन

राजकीय, वांशिक वा जातीय दडपणाखाली जगणाऱ्यांना मनाच्या पातळीवर आधार देण्याची पद्धत. त्रासाचे मूळ माणसाच्या स्वभावात आहे असे गृहीत न धरता त्याला रोज काय सोसावे लागते, हे इथे आधी विचारले जाते. मनोविकारतज्ज्ञ फ्रांत्स फॅनन १९५३ पासून फ्रेंच अंमलाखालील अल्जीरियात ब्लिदाच्या रुग्णालयात होते. वसाहतीची व्यवस्थाच माणसाला मोडत असताना केवळ उपचारांनी भागणार नाही, या भूमिकेतून त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. पुढे मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरमध्ये मानसशास्त्रज्ञ इग्नासिओ मार्टिन-बारो यांनी मुक्तिदायी मानसशास्त्र, म्हणजे दडपलेल्यांच्या बाजूने विचार करणारे मानसशास्त्र, मांडले. १९८९ मध्ये लष्कराने त्यांची हत्या केली.

मुंबईत हा प्रश्न मुख्यतः जात आणि धर्माच्या अंगाने येतो. वसतिगृहात ‘रँक किती?’ असे सहज विचारले जाते, पण रोख आरक्षणाकडे असतो. मुसलमान भाडेकरूचे नाव ऐकताच खोली ‘कालच गेली’ असते. अशी माणसे समुपदेशकाकडे येतात ती झोप लागत नाही, छातीत धडधडते, डोके जड होते म्हणून. आडनाव बरेचदा सांगत नाहीत. समोरच्याचे मात्र आधी वाचून घेतात. अशा वेळी ‘तुम्ही फार मनाला लावून घेता’ हे एक वाक्य पुरते, माणूस पुन्हा फिरकत नाही. जाणता समुपदेशक कोण काय बोलले, कोणासमोर बोलले, तक्रार करायची आहे का, घरात वा वस्तीत पाठीशी कोण आहे, हे विचारतो. तक्रार न करण्याचा निर्णयही तो मान्य करतो. कारण नोकरी किंवा पदवी टांगणीला लागलेली असते. दहा बाय पंधराच्या खोलीत खासगी बोलणे कठीण, म्हणून फोन गच्चीवरून होतात.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार राजकीय वा सामाजिक स्थानावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही आणि सेवा देताना जात-धर्मावरून भेदभाव करता येत नाही. कागदावर हे भक्कम आहे. पण खासगी समुपदेशनाची फी परवडत नाही, ही अडचण कायद्याने सुटलेली नाही. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही दूरध्वनी समुपदेशन सेवा सुरू केली. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत असून तिथे मराठीतही बोलता येते.