भिंतीवरचा फोटो आणि मुलांचा कॉन्फिडन्स

आमच्या हॉलमधे एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे, पणजोबा खुर्चीत आणि मागे सगळी मंडळी उभी, आणि आमचा पाच वर्षांचा लेक दर दोन दिवसांनी विचारतो की हे कोण, ते कोण. पूर्वी मी नुसती नावं सांगून मोकळी व्हायचे. आता जरा बसते त्याच्यासोबत, कारण यावर बरंच वाचलंय.

अमेरिकेत अटलांटाच्या एमरी युनिव्हर्सिटीमधे मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी २० प्रश्न काढले. आईबाबा कुठे भेटले, आजीआजोबा कुठे वाढले, तुझं नाव कसं ठरलं, असे. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती त्यांना स्वतःबद्दल जास्त चांगलं वाटत होतं आणि आपल्या आयुष्यात आपल्या हातात काहीतरी आहे असंही वाटत होतं. पण म्हणून उत्तरं पाठ करून घेऊन काही होत नाही, हे ड्यूक स्वतःच सांगतात. ज्या घरात जेवताना, प्रवासात, सणावाराला अशा गोष्टी निघतात त्या घरातल्या मुलांना ती उत्तरं आपोआप माहीत होतात, खरी गंमत त्या गप्पांमधे आहे. आणि फोटो समोर असला की गप्पा निघतातच.

अजून एक मला फार पटलं. त्यांच्या मते सगळ्यात जास्त बळ देते ती चढउतारांची गोष्ट, म्हणजे आपले चांगले दिवस होते, मग वाईट आले, पण आपण एकत्र राहिलो आणि निभावलं. म्हणून मी लेकाला पणजोबांचं दुकान बुडालं तेही सांगते.

लहान वयात फोटोचा फायदा कमी असतो का? तर दोनतीन वर्षांच्या मुलांना जुन्या फोटोतला मी म्हणजे हाच आत्ताचा मी, हे नीट जोडता येत नाही, ते साधारण चारच्या आसपास जमायला लागतं. त्यामुळे 'हा तू, बारशाच्या दिवशी, केवढा रडला होतास' हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं आणि सांगावंच.

फक्त गोष्ट खरी सांगा हं. २००२ च्या एका प्रयोगात मोठ्या माणसांना लहानपणी बलूनमधे बसल्याचे बनावट फोटो दाखवले, तर जवळपास निम्म्यांना ती न झालेली सफर थोडीफार तरी 'आठवली'! फोटोवर आपला इतका विश्वास असतो.

काल लेकानी त्याच फोटोत मागच्या रांगेतल्या मुलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, याचे कान माझ्यासारखे आहेत ना?