धुराड्यातल्या राखेचं काय करायचं?

ठाण्याहून वाशी लोकल पकडली, की थोड्याच वेळात डाव्या हाताला एमआयडीसीच्या चिमण्या दिसू लागतात. एखादीतून पांढरा लोट निघाला की डब्यात कुणीतरी म्हणतंच, ‘बघा, किती कार्बन सोडतायत!’ तो पांढरा लोट बहुधा पाण्याची वाफ असते. कार्बन डायऑक्साइडला रंगच नाही. चिमणी बंद वाटते तेव्हाही तो निघत असू शकतो.

हवेत मिसळण्याआधी हा वायू धरायचा तर चिमणीपाशीच, कारण तिथे तो दाट असतो. बाहेरच्या हवेत दहा हजार रेणूंमागे त्याचे जेमतेम चार. कोळशाच्या बॉयलरच्या धुरात शंभरामागे बारा-पंधरा. धरायची रीत जुनी आहे, 1930 च्या पेटंटमधली. उंच टॉवरमध्ये वरून अमाइनचं (अमोनियाच्या जातीतल्या रसायनाचं) पाणी शिंपडायचं (वास मासळीच्या वळणाचा) आणि खालून धूर सोडायचा. 40 अंशांच्या आसपास अमाइन कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवतं. तेच पाणी दुसऱ्या टॉवरमध्ये 120 अंशांपर्यंत तापवलं की सोडून देतं, आणि पुन्हा कामाला लागतं. खरा खर्च या तापवण्याचा. त्याला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलरला अर्थातच चिमणी असते.

बरं, धरला. पुढे? कार्बन डायऑक्साइड ही जळून गेलेल्या कार्बनची राख आहे, आणि चुलीतली राख पुन्हा पेटत नाही. तिचं इंधन करायचं तर जळताना निघाली त्याहून जास्त ऊर्जा परत ओतावी लागते. मिथेनॉल या द्रव इंधनाचंच घ्या. 1 टन मिथेनॉलमध्ये सुमारे 1.4 टन कार्बन डायऑक्साइड खपतो; पण सोबत 190 किलो हायड्रोजन लागतो. पाण्यातून 1 किलो हायड्रोजन काढायला 50 युनिटच्या आसपास वीज धरली, तर झाले साडेनऊ हजार युनिट. महिन्याला 200 युनिट वापरणाऱ्या ऐरोलीतल्या घराची ही जवळजवळ चार वर्षांची वीज! ती कोळशावरची असेल तर आगीतून फुफाट्यात. आइसलंडमध्ये 2012 साली असा कारखाना सुरू झाला, कारण तिथली वीज धबधब्यांची आणि जमिनीतल्या उष्णतेची.

पण राखेने भांडी तर घासता येतात! म्हणजे जिथे हायड्रोजन लागतच नाही अशी रसायनं करायची. तमिळनाडूत तुतिकोरिनच्या एका कारखान्याने 2016 च्या सुमारास हेच केलं: आपल्याच बॉयलरच्या धुरातला वायू काढून धुण्याचा सोडा बनवायला घेतला. क्षमता वर्षाला 60,000 टन वायूची. अॅस्पिरिनसाठी लागणारं सॅलिसिलिक आम्लही फिनॉलच्या क्षारावर दाबाखाली हाच वायू सोडून करतात, तेही एकोणिसाव्या शतकापासून. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रसायनवाल्यांना यात नवल वाटणार नाही.

मला मात्र विचारावंसं वाटतं: कोंडलेला वायू किती दिवस कोंडलेला राहतो? खायचा सोडा ढोकळ्यात पडला की तो सुटलाच. त्यानेच तर ढोकळा फुगतो. 1 टन युरियात 730 किलो जातो आणि शेतात खत विरघळलं की परत हवेत. काँक्रीटमध्ये मात्र तो सिमेंटमधल्या कॅल्शियमशी मिळून चुनखडीचे बारीक कण होतो आणि तिथेच राहतो. घोडबंदरला रांगेत गरगरणाऱ्या आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्यांमध्येही हे करता येईल. फक्त एका गाडीमागे जिरतो तो काही किलोच.