गिअरबॉक्समध्ये दूध कुणी ओतलं?

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. सोलापूरजवळच्या नान्नजकडे द्राक्षबाग करणारा माझा एक जुना विद्यार्थी पाण्याची लिटरची बाटली घेऊन सकाळीच दारात. बाटलीत दूध जास्त पडलेल्या चहासारखं काहीतरी.

"सर, हे गिअरबॉक्समधलं तेल. जूनमध्ये नव्वद नंबर भरलं होतं, सोनेरी होतं. दुकानदारानं भेसळीचं दिलंय. भांडायलाच निघालोय, म्हटलं आधी तुम्हाला दाखवावं."

मशीन म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे लावायचं, बागेच्या ओळींतलं गवत कापायचं. कुणी स्लॅशर म्हणतं, कुणी ग्रास कटर. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागच्या अवजाराला जोर देणारा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे देतो. मधला गिअरबॉक्स ती आडवी फिरकी काटकोनात वळवून खालच्या पात्यांना देतो, आणि देताना वेग वाढवतो. डबा लहानसाच, तेल दीडेक लिटर.

भेसळीचा संशय मला पहिल्यापासूनच पटला नाही. भेसळीचं तेल पहिल्या दिवशीही भेसळीचंच असतं, ते चार महिन्यांनी पांढरं कशाला होईल? शिवाय हा पांढरेपणा रंगाचा नव्हेच. तेल पारदर्शक, पाणीही पारदर्शक. पण फिरत्या दात्यांनी पाणी घुसळून त्याचे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे थेंब केले, की तेल आणि पाणी यांच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश वाकतो, विखुरतो. अशा कोट्यवधी सीमा ओलांडताना सगळे रंग सारखेच विखुरले की डोळ्याला दुधाळ दिसतं. दूध पांढरं दिसतं ते याच कारणानं. तिथे पाण्यात स्निग्धांशाचे थेंब असतात, इथे तेलात पाण्याचे, एवढाच उलटा संसार.

नुसत्या हवेच्या फेसानंही तेल पांढुरकं दिसतं, म्हणून खात्री करून घेतली. जुना तवा तापवला, लांब उभं राहून, चष्मा लावून, त्यावर एक थेंब टाकला. मोहरी तडतडावी तसा तडतडला. तेलातलं पाणी वाफ होऊन उडताना हा आवाज येतो. नुसतं तेल गुपचूप धुरकटतं.

पाणी आहे, हे ठरलं. आलं कुठून? त्याच्या मिस्त्रीचं म्हणणं, "गिअरबॉक्सला घाम सुटतो." म्हणजे काम झाल्यावर डबा थंड होतो, बाहेरची दमट हवा आत ओढतो आणि तिचं दव होतं. ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण हिशोब करून बघा. डब्यात तेलावर अर्धा लिटर हवा धरू. काम संपलं तेव्हा ८० अंश, थंड झाल्यावर ३०. केल्विनमध्ये ३५३ आणि ३०३, म्हणजे हवा १४ टक्के आक्रसणार आणि ७० मिलिलिटर बाहेरची हवा आत येणार. ३० अंशांची पूर्ण ओली हवा घेतली तरी लिटरमागे तिच्यात वाफ ३० मिलिग्रॅम. ७० मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम. पाण्याचा एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा. घामानं एक थेंब जमवायला पंचवीस दिवस काम हवं, तेही सगळी वाफ आतच राहिली तर! सोलापूरच्या कोरड्या हवेत तर विचारूच नका.

मग मी त्याला विचारलं, "खंडेनवमीला मशीन धुतलंस का?"

"धुतलं की. सकाळी दोन एकर गवत मारलं, लगेच आणून एचटीपीच्या, म्हणजे फवारणीच्या जोरदार पंपाच्या, गननं चकाचक केलं. पूजा होती ना."

सापडलं. तापलेल्या डब्यावर गार पाण्याचा मारा झाला की आतली हवा भराभर आक्रसते. डब्याला श्वास घ्यायला वर एक बारीक भोक असलेलं टोपण असतं, ब्रीदर म्हणतात त्याला. तो मोकळा असेल तर हवा आत जाते आणि काही बिघडत नाही, फक्त गनची धार थेट त्याच्यावर धरायची नाही. याचा ब्रीदर उघडून पाहिला तर कुंभारमाशीनं आत मातीचं घर बांधून तो लिंपून टाकलेला! नाक बंद. मग आतला दाब बाहेरच्यापेक्षा १४ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो, म्हणजे जवळजवळ दीड मीटर उंचीच्या पाण्याचा दाब बाहेरून आत रेटणार. शाफ्टभोवतीच्या ऑइल सीलची रबरी ओठं मुख्यतः आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून घडवलेली असतात. बाहेर पाणी साचलेलं आणि आतून ओढ असली, की ती पाणी आत सोडतात. हवेऐवजी पाणीच आलं तर एका धुण्यात जास्तीत जास्त किती? तेच ७० मिलिलिटर. अर्धा कप! पंचवीस दिवसांच्या एका थेंबापुढे हे ठेवून बघा. पावसात तापलेलं मशीन उघड्यावर उभं केलं तरी हेच होतं.

पूजेला माझा विरोध नाही. पण मशीनला लिंबू-मिरची बांधणाऱ्यानं ब्रीदरकडे चार महिने पाहिलं नव्हतं, हे मी त्याला ऐकवलंच.

"पण सर, दीड लिटरात अर्धा कप पाणी. एवढ्यानं काय होतंय?"

या प्रश्नाची मी वाट बघत होतो, कारण याच्या उत्तरात मला भौतिकशास्त्रातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट सांगायला मिळते.

दोन दाते एकमेकांना भिडतात ते एका बारीक रेघेवर. पीटीओकडचा सगळा जोर त्या रेघेवर येतो, म्हणून तिथला दाब वातावरणाच्या दाबाच्या पाच हजार पट, दहा हजार पटसुद्धा होतो. दोन पोलादांच्या मध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो त्याची जाडी एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास, पुष्कळदा कमीच. आपला केस साठ-सत्तर मायक्रॉनचा. मग एवढ्या दाबाखाली हा पापुद्रा पिचकारीसारखा बाजूला उडून का जात नाही?

कारण दाबाखाली तेल तेल राहत नाही. खनिज तेलाचा घट्टपणा (पुस्तकात श्यानता) दाबाबरोबर चक्रवाढीनं वाढतो. कार्ल बारूस या अमेरिकी शास्त्रज्ञानं १८९३ मध्ये दाब आणि घट्टपणा यांचं हे नातं मांडलं. ढोबळ आकडा असा, की दाब वातावरणाच्या दाबाच्या साडेतीनशे पटींनी (म्हणजे साडेतीनशे 'वातावरणांनी') वाढला की दर वेळी घट्टपणा दुप्पट. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आठवा. पाच हजार वातावरणांपर्यंत चौदा वेळा दुप्पट, म्हणजे सोळा हजार पट. दहा हजारांना त्या सोळा हजारांचा वर्ग करायचा, २५ कोटींच्या पुढे! इतक्या दाबाला बारूसचं सूत्र आकडा फुगवून सांगतं हे खरं, पण तेल तिथे काचेच्या जवळ जाऊन पोचतं यात शंका नाही. दाते भिडलेले असतात तेवढा सेकंदाचा हजारावा भागभर ते घन पदार्थासारखं वागतं, आणि दाते सुटले की पुन्हा वाहू लागतं. वीस दात्यांचा गिअर धरला तर हे सेकंदाला १८० वेळा चालतं. शिवाय या दाबानं पोलादसुद्धा किंचित दबून सपाट होतं, त्यामुळे रेघेची पट्टी होते आणि पापुद्र्याला टेकायला जागा मिळते. पोलादाचं दबणं आणि तेलाचं घट्ट होणं ही दोन समीकरणं एकाच वेळी सोडवावी लागतात. ते नीट जमायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर सोडून द्या, माझ्या विद्यार्थ्यानंही इथे घड्याळ पाहिलं.)

तेल असं का करतं? त्याचे रेणू लांबलचक साखळ्यांचे. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, दुपारी गेलात तर वाट काढत चालता येतं. संध्याकाळी गर्दी थोडीशीच वाढते, पण माणसामाणसांतली फट संपते आणि मग जागचं हलता येत नाही. साखळ्यांचंही तसंच, जराशी मोकळी जागा गेली की सगळं ठप्प.

पाण्याचे रेणू चिमुकले. हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ते ऐसपैस बसलेले असतात, आणि दाबानं आधी हे बंधच विस्कटतात. त्यामुळे थंड पाणी सुरुवातीच्या दाबाला उलट किंचित पातळ होतं! पाच हजार वातावरणांनाही त्याचा घट्टपणा दुप्पट होत नाही. एका बाजूला सोळा हजार पट, दुसऱ्या बाजूला दुप्पटही नाही. पापुद्र्यात जिथे पाण्याचा थेंब सापडला तिथे छपराला भोक पडलं, आणि पोलाद पोलादावर घासलं. बेअरिंगच्या गोळ्यांचीही हीच गत. वर गंज चढतो तो वेगळाच. 'तेलात ही बाटली ओता, गिअर जन्मभर झिजणार नाहीत' म्हणणाऱ्या जाहिराती असतात, पण कुठलीही बाटली ते भोक बुजवत नाही. तेल बदलायचंच.

बदलताना एक गंमत कामी येते. पाणी तेलापेक्षा जड. त्यामुळे मशीन रात्रभर उभं असेल तर सकाळी, चालू करण्याआधी, तळाचा बोल्ट थोडासा सैल करायचा. सुटं पाणी असेल तर तेच आधी येतं. मग बोल्ट आवळून थोडा वेळ रिकामं चालवायचं, म्हणजे गाळ तेलात मिसळतो, आणि गरम असतानाच सगळं सोडायचं. याच्या डब्याला तळाला बोल्टच नव्हता, अनेक स्लॅशरना नसतो. आम्ही जनावरांच्या औषधाची मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी वापरून वरच्या भोकातून ओढलं. अर्धा तास लागला.

एका बदलीनं भागत नाही. कोपऱ्यांत, बेअरिंगमध्ये दुधाळ तेल चिकटून राहतं. धुवायला डिझेल घालतात, पण त्यातलं उरलेलं नव्या तेलाला पातळ करतं. त्यापेक्षा थोडं साधं नव्वद नंबर भरून, जोर न देता दोन मिनिटं फिरवून काढून टाकलेलं बरं. काढलेलं तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही, डबड्यात भरून भंगारवाल्याकडे. सील नवे घातले. ब्रीदर रॉकेलमध्ये बुडवून तारेनं साफ केला, कुंभारमाशीची माती दगडासारखी घट्ट बसली होती.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "सर, परत थोडं धुरकट दिसतंय."

"काढ आणि पुन्हा भर," मी म्हटलं. "आणि मशीन धुतलंस का?"

"नाही सर. वहिनींनी सांगितलं होतं, गार झाल्याशिवाय हात लावू नको."

आमच्या घरात माझं म्हणणं कुणाच्या तोंडून जास्त पटतं, हे तेव्हा कळलं.