क्विन्सीनंतर कोण? ‘डेंजरस’ची पार्श्वभूमी

२६ नोव्हेंबर १९९१ रोजी मायकल जॅक्सनचा ‘डेंजरस’ बाजारात आला. चौदा गाणी, तब्बल ७७ मिनिटं. प्रोड्युसर म्हणून टेडी रायली, बिल बॉट्रेल, ब्रूस स्वीडीन आणि खुद्द जॅक्सन अशी नावं छापलेली होती. आधीची बारा वर्षं त्या जागी हमखास दिसणारं नाव मात्र नव्हतं. ‘ऑफ द वॉल’ (१९७९), ‘थ्रिलर’ (१९८२) आणि ‘बॅड’ (१९८७) हे तिन्ही अल्बम ज्याच्या हाताखालून गेले, त्या क्विन्सी जोन्सला वगळून जॅक्सनने पहिल्यांदाच नव्या माणसांना हाताशी धरलं, असं तेव्हापासून सांगितलं जातं.

हे ‘पहिल्यांदाच’ जरा तपासून घ्यायला हवं. जोडीदार बदलण्याची जॅक्सनची ही पहिली खेप नव्हती. तिसरी की चौथी, ते कसं मोजता त्यावर आहे.

१९६९ साली ‘आय वाँट यू बॅक’ गायलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. जॅक्सन फाइव्ह या भावांच्या बँडची ती सुरुवातीची गाणी मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत तिचा मालक बेरी गॉर्डी आणि त्याच्या तीन साथीदारांच्या ‘द कॉर्पोरेशन’ नावाच्या चमूने रचली. गाणं त्यांचं, वाजवणारे कंपनीचे, मुलांनी फक्त येऊन गायचं. स्वतःची गाणी लिहायला परवानगी नाही, हीच भावांची मुख्य तक्रार होती. १९७५ मध्ये त्यांनी मोटाउन सोडली. बँडचं नाव कंपनीकडेच राहिलं, आणि गॉर्डीचा जावई असलेला भाऊ जर्मेनही तिथेच थांबला. एपिक कंपनीत बाकीचे गेले ते ‘द जॅक्सन्स’ होऊन.

एपिकने त्यांना फिलाडेल्फियाच्या केनेथ गॅम्बल आणि लिऑन हफ या जोडीकडे सोपवलं. १९७६ आणि १९७७ असे दोन अल्बम झाले, बरे चालले, फार नाही. पण मायकलचं स्वतःचं एक गाणं, ‘ब्लूज अवे’, पहिल्यांदा ध्वनिमुद्रित होऊन बाहेर आलं ते तिथे. पुढच्याच वर्षी ‘डेस्टिनी’ भावांनी स्वतः केला. म्हणजे विशी गाठेपर्यंत हा मुलगा तीन वेगवेगळ्या कारखान्यांतून फिरून आला होता.

मग क्विन्सी. भेट झाली ‘द विझ’ या चित्रपटाच्या निमित्ताने. १९७७ मध्ये न्यूयॉर्कला चित्रीकरण चाललं होतं, मायकल बुजगावण्याच्या भूमिकेत होता, क्विन्सीकडे संगीताची जबाबदारी होती. क्विन्सीने पुढे अनेकदा सांगितलेली आठवण अशी: बुजगावण्याच्या पोटातल्या पेंढ्यातून कागदाचे चिटोरे काढून त्यावरची थोरामोठ्यांची वचनं वाचायचा प्रसंग होता. तालमीत मायकल सॉक्रेटिसचं नाव दर वेळी चुकीचं उच्चारायचा, आणि कुणी त्याला सांगत नव्हतं. शेवटी क्विन्सीने बाजूला घेऊन हळूच दुरुस्त केलं. त्याच दिवसांत मायकलने त्याला नवा अल्बम करायला कुणी प्रोड्युसर सुचवता का म्हणून विचारलं होतं. क्विन्सी म्हणाला, मीच करून बघतो.

एपिकमधल्या मंडळींना हे पसंत नव्हतं. काउंट बेसी आणि सिनात्रा यांच्यासाठी काम केलेला चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा हा जॅझवाला पॉप गाणी काय करणार, असा त्यांचा सूर होता. मायकलने हट्ट सोडला नाही. आज ज्या क्विन्सीला आपण जॅक्सनचा ‘जुना’ जोडीदार म्हणतो, तो १९७९ साली असाच नवा आणि कंपनीला न रुचणारा होता. त्याने येताना आपली माणसंही आणली. त्यात इंग्लंडचा गीतकार रॉड टेम्परटन होता, आणि ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीन. यातला स्वीडीन लक्षात ठेवा.

क्विन्सीने नेमकं काय केलं, हे एका प्रसंगावरून कळतं. ‘थ्रिलर’चं काम संपत आलं, कंपनी तबकडीसाठी दारात उभी, आणि सगळ्यांनी बसून सगळे आवाज एकत्र केलेलं शेवटचं मिश्रण ऐकलं. आवाज पिचका येत होता. कारण साधं होतं. एलपीच्या एका बाजूवर जितकी जास्त मिनिटं कोंबाल तितक्या खाचा अरुंद आणि उथळ कराव्या लागतात, म्हणजे आवाज लहान होतो आणि खर्ज पातळ पडतो. दोन्ही बाजू नको तितक्या भरल्या होत्या. मायकलच्या डोळ्यांत पाणी आलं, असं क्विन्सी सांगे. मग मुदत थोडी वाढवून घेतली, एकेक गाणं पुन्हा मिसळलं, ‘द लेडी इन माय लाइफ’चं एक कडवं कापलं. ‘बिली जीन’ची लांबलचक सुरुवातही क्विन्सीला छाटायची होती, पण त्यावर मायकल अडून बसला. तीच ऐकून तर नाचावंसं वाटतं, हा त्याचा मुद्दा. ती राहिली, आणि बरं झालं. शेवटी नऊ गाणी, ४२ मिनिटं.

कात्री कुणाच्या हातात आहे आणि तिला अडवायची मुभा कुणाला आहे, हा व्यवहार या दोघांत नीट जमला होता. पॉप संगीतात हे दिसतं त्याहून दुर्मीळ आहे.

‘बॅड’पर्यंत हा व्यवहार ताणला गेला. मायकलने ढिगाने गाणी लिहून ठेवली होती, एलपीवर गेली दहा, सीडीवर अकरा. सहनिर्माता म्हणून आता त्याचंही नाव होतं. त्या काळातला एक किस्सा क्विन्सीने नंतर सांगितला आहे. हिप-हॉपचं पाऊल ओळखून त्याने रन-डीएमसी या रॅप गटाला स्टुडिओत बोलावलं होतं. तेव्हा मायकल आपल्या मॅनेजरला म्हणाला म्हणे, की क्विन्सीला आता बाजार कळेनासा झालाय, रॅप संपलंय हे त्याला ठाऊक नाही. ही अर्थात एका बाजूची कैफियत झाली. पण १९८९ मध्ये क्विन्सीने ‘बॅक ऑन द ब्लॉक’ काढला, त्यात आइस-टी, बिग डॅडी केन, मेली मेल असे रॅपर होते, आणि १९९१ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी जॅक्सन रॅपर शोधत होता.

खरा धक्का घरातूनच बसला होता. धाकटी बहीण जॅनेट हिने वडिलांच्या देखरेखीतून बाहेर पडून मिनियापोलिस गाठलं आणि जिमी जॅम-टेरी लुईस या प्रोड्युसर जोडीबरोबर १९८६ चा ‘कंट्रोल’ केला. १९८९ चा ‘रिदम नेशन १८१४’ तर त्याहून जोरात गेला, त्यातली सात गाणी अमेरिकेच्या पहिल्या पाचांत पोचली. ड्रम मशीनचे कडक ठोके, त्यावर हलका, जवळून आलेला आवाज. नवी माणसं घेऊन काय होतं ते मायकलला दुसरीकडे बघायला जावं लागलं नाही.

त्याचा मूळ बेत मात्र वेगळाच होता. आधीच्या दशकातली निवडक गाणी आणि सोबत थोडी नवी, असा एक संच काढायचा. नवी गाणी होत गेली, संच मागे पडला. बिल बॉट्रेल ‘बॅड’च्या आधीपासून मायकलच्या एन्सिनोच्या घरातल्या स्टुडिओत त्याच्याबरोबर काम करत होता. मायकल वाद्यं फारशी वाजवायचा नाही. गिटारची ओळ, बासची ओळ, ठेका, सगळं तोंडाने करून दाखवायचा आणि समोरच्याने ते वाद्यावर उतरवायचं. ‘ब्लॅक ऑर व्हाइट’ची गिटार अशीच तोंडातून निघाली. बॉट्रेलने ती वाजवली, मायकलने अंदाजासाठी म्हणून गायलेली कच्ची ओळ पुढे अल्बमवर तशीच ठेवली गेली. मधला रॅपही बॉट्रेलचाच, त्याने तो टोपणनावाने म्हटला आहे. रॅपर शोधता शोधता शेवटी पांढऱ्या ध्वनिमुद्रकाचा रॅप घेऊन काम भागवलं, आणि तेही वर्णाबद्दलच्या गाण्यात! मला तो या गाण्यातला सगळ्यात अवघडलेला तुकडा वाटतो.

टेडी रायली आला तो बराच उशिरा. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेला, चर्चमध्ये वाजवत शिकलेला, जॅक्सनपेक्षा नऊ वर्षांनी लहान. गायक कीथ स्वेट, त्याचा स्वतःचा ‘गाय’ (Guy) हा गट आणि बॉबी ब्राऊनचं ‘माय प्रेरॉगेटिव्ह’ यांतून त्याने एक नवा बाज रूढ केला होता. पत्रकार बॅरी मायकल कूपरने न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात रायलीवर लिहिताना त्या बाजाला ‘न्यू जॅक स्विंग’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. त्यातली गंमत ठेक्यात आहे. मात्रेचे चार सारखे तुकडे पाडले तर मशीन सरळ चालतं, शिपायासारखं. रायली प्रत्येक जोडीतला पहिला तुकडा जरा लांबवायचा आणि दुसरा उशिरा टाकायचा, त्यामुळे तेच मशीन डुलायला लागतं. स्नेअर ड्रमचा ठोका थप्पड मारल्यासारखा. आणि वर चर्चमधले भरगच्च कॉर्ड. हाड हिप-हॉपचं, मांस जुन्या सोल गायकीचं.

‘डेंजरस’ची पहिली सहा गाणी सलग रायलीची आहेत, आणि ती एका दमात ऐकावीत. ‘जॅम’ची सुरुवात काच फुटण्याच्या आवाजाने होते. ‘शी ड्राइव्ह्‌ज मी वाइल्ड’मध्ये ड्रमच्या जागी गाड्यांचे भोंगे आणि इंजिनांचे आवाज ठेक्यात बसवले आहेत. ‘रिमेम्बर द टाइम’ या सगळ्यात मऊ, तरी खाली तोच डुलता ठोका. या गाण्यांत जॅक्सनचा आवाजही बदललेला आहे: कडव्यांत दातओठ खाऊन, अक्षरं तोडत म्हणतो, आणि ध्रुवपदात स्वतःच्याच आवाजाचे थर रचतो. सातवं गाणं लागतं ते ‘हील द वर्ल्ड’. लोखंडाच्या कारखान्यातून निघून थेट पाळण्याशेजारी आणून बसवल्यासारखं होतं.

ही उडी अपघात नाही, कामाच्या पद्धतीचा परिणाम आहे. जून १९९० पासून सव्वा वर्षाहून जास्त काळ लॉस एंजेलिसमध्ये काम चाललं, आणि रायली, बॉट्रेल, स्वीडीन आपापल्या खोल्यांत एकाच वेळी वेगवेगळी गाणी करत होते. जॅक्सन या खोलीतून त्या खोलीत. शीर्षकगीत आधी बॉट्रेलबरोबर झालं होतं, पुढे रायलीने ते नव्याने बांधलं. लेखनाच्या श्रेयात दोघेही आहेत. प्रत्येक खोलीला एक मिस्त्री होता, सगळ्या घराला मात्र मालकाशिवाय कुणी नाही. एलपीची खाचही आता आडवी येत नव्हती, कारण सीडीवर सत्तर-पंचाहत्तर मिनिटं सहज मावत. ‘थ्रिलर’च्या वेळी क्विन्सी आणि प्लास्टिक दोघं मिळून ‘पुरे’ म्हणाले होते. इथे ते दोघंही नव्हते. माझ्या मते चौदातली चार गाणी निघाली असती तर हा जॅक्सनचा सर्वांत धारदार अल्बम ठरला असता. कुठली चार, यावर दोन चाहत्यांचं एकमत व्हायचं नाही.

त्याला थांबवण्याची व्यावसायिक गरजही कुणाला नव्हती. एपिकची मालक कंपनी सीबीएस रेकॉर्ड्स १९८८ मध्ये सोनीने विकत घेतली होती, मार्च १९९१ मध्ये जॅक्सनचा नवा करार जाहीर झाला आणि वर्तमानपत्रांत एक अब्ज डॉलरचा आकडा झळकला. एवढ्या मोठ्या ताऱ्याला कडवं काप म्हणून कोण सांगणार?

पुढचं सर्वज्ञात आहे. ‘ब्लॅक ऑर व्हाइट’चा व्हिडिओ १४ नोव्हेंबरला २७ देशांत दाखवला गेला, शेवटच्या तोडफोडीच्या नाचावरून गदारोळ झाला, तो भाग कापावा लागला. गाणं अमेरिकेत सात आठवडे पहिलं. ११ जानेवारी १९९२ च्या बिलबोर्ड या अमेरिकी क्रमवारीच्या यादीत निर्वाणा या रॉक बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ने ‘डेंजरस’ला पहिल्या जागेवरून खाली आणलं. या तारखेला गिटारवाल्यांच्या इतिहासात युगांत वगैरे म्हणतात. ‘डेंजरस’ त्यानंतरही जगभर कोट्यवधींनी खपत राहिला.

जॅम-लुईस या जोडीपर्यंत मायकल पोचला तो १९९५ मध्ये, ‘स्क्रीम’साठी, जॅनेटला सोबत घेऊन. त्याआधी फेब्रुवारी १९९३ च्या ग्रॅमी सोहळ्यात जॅनेटच्याच हातून त्याला ‘लेजंड’ पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ‘डेंजरस’ला ग्रॅमी मिळालं ते ध्वनिमुद्रणासाठी. ते दोघांत विभागून होतं: एक पंचविशीतला टेडी रायली, आणि दुसरा क्विन्सीने चौदा वर्षांपूर्वी ‘ऑफ द वॉल’ला सोबत आणलेला ब्रूस स्वीडीन.